शेठ म्हणतात कारखाना तुम्हीच घ्या, पण पैसे कुठून आणायचे?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

संभाजीनगरजवळच्या एका एमआयडीसीत सुपरवायझर असलेल्या ४४ वर्षांच्या दादांचं हे पत्र आहे. छोटं प्रेस शॉप आहे, पत्र्याचे पार्ट बनतात, ते एका मोठ्या व्हेंडरकडे जातात आणि तिथून टू-व्हीलर, थ्री-व्हीलरच्या लाईनवर. २३ कामगार आहेत, बरेचजण दहा-पंधरा वर्षांपासून तिथंच. शेठ ६७ वर्षांचे, बायपास झालेली, मुलगा परदेशात, मुलगी पुण्यात, आणि दोघांनाही यात यायचं नाही. दिवाळीनंतर शेठनी दादांना केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, बाहेरच्या पार्टीला दिलं तर ती मशीन उचलून नेईल आणि तुम्ही सगळे गेटबाहेर, त्यापेक्षा तुम्हीच सगळे मिळून घ्या. किंमत सांगितली सव्वादोन कोटी, त्यात प्लॉट आणि शेडचे १ कोटी ३० लाख आणि मशीन, डाय (पत्र्याला आकार देणारे साचे), चालू ऑर्डरी मिळून ९५ लाख. वर्षाला ३० लाख सुटतात म्हणे.

दादांचा विचार असा की स्वतःचा पीएफ काढायचा, गावाकडचं अडीच एकर वावर बँकेत गहाण टाकायचं, बाकीच्यांनी प्रत्येकी तीन-चार लाख घालायचे आणि उरलेलं सरकारी योजनेतून उभं करायचं. मेव्हणा म्हणतो सरकार ३५ टक्के सबसिडी देतं, एक जण म्हणतो सहकारी संस्था काढा, दुसरा म्हणतो ईसॉप करा, म्हणजे कामगारांना कंपनीचे शेअर द्या. मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला त्यात अमेरिका, इंग्लंडमध्ये कामगारांनी कंपनी घेतली की सरकार मदत करतं असं होतं. घरची मात्र म्हणते वावराला हात लावायचा नाही. "ताई, नेमकी कोणती योजना आहे ते सांगा, आणि घरचीला कसं समजवायचं तेही सांगा."

दादा,

योजनेचं आधी सांगून टाकते. कामगारांनी मिळून आपलाच कारखाना विकत घ्यावा आणि त्यासाठी सरकारनं पैसे द्यावेत, अशी खास योजना आपल्याकडे ना केंद्राची आहे ना राज्याची. मेव्हण्यानं सांगितलेली ३५ टक्क्यांची गोष्ट खोटी नाही, पण ती पीएमईजीपीची, म्हणजे केंद्राच्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाची आहे आणि ती नवीन युनिट टाकणाऱ्याला मिळते, चालू युनिट विकत घेणाऱ्याला नाही. शिवाय ३५ हा सगळ्यात वरचा आकडा, ग्रामीण भागातल्या महिला, मागासवर्गीय अशा विशेष गटांसाठी, सर्वसाधारण गटाला शहरात १५ आणि ग्रामीणमध्ये २५. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम, तोही नव्या युनिटसाठीच. उद्या एखादा एजंट येऊन म्हणाला की जुनंच युनिट नवीन म्हणून दाखवू, फाईल मी बसवतो, तर त्याच्या नादी लागू नका, कारण वसुली निघाली की सही तुमची असते, त्याची नाही.

आता तो व्हिडिओ. त्यातलं खरंच आहे, फक्त मदत कुणाला मिळते ते नीट बघा. इंग्लंडमध्ये २०१४ पासून असं होतं की मालकानं अर्ध्यापेक्षा जास्त हिस्सा कामगारांसाठी केलेल्या ट्रस्टला विकला तर त्या विक्रीच्या नफ्यावर त्याला करच लागत नव्हता, नोव्हेंबर २०२५ च्या बजेटमध्ये ती सवलत निम्म्यावर आणली, पण आहे. कॅनडानं २०२४ पासून तसंच सुरू केलं, एक कोटी डॉलरपर्यंतच्या नफ्याला करमाफी, ठरावीक वर्षांपुरती. अमेरिकेत १९७४ च्या कायद्यापासून ईसॉपचा ट्रस्ट कर्ज काढून शेअर घेतो आणि कंपनी आपल्या कमाईतून ते कर्ज फेडत जाते. म्हणजे सरकारची सवलत मुख्यतः विकणाऱ्या मालकाला आणि कंपनीला, आणि कामगार सहसा खिशातून काही घालतच नाही. इटलीचं थोडं वेगळं आहे, तिथं १९८५ चा मार्कोरा कायदा आहे, कारखाना बंद पडायला लागला तर कामगारांना आपला बेकारी भत्ता एकरकमी उचलून त्यातून सहकारी संस्था काढता येते, आणि सरकारी पैशातून उभा केलेला एक फंड त्यांच्या बरोबरीनं भांडवल घालतो. कामगार तिथं पैसे घालतात, पण सरकार शेजारी उभं राहतं.

हे सगळं कामून सांगायलेय, तर तुमच्या पत्रात तुम्ही एक गोष्ट धरूनच चाललात, की मालक व्हायचं म्हणजे आधी घरचे पैसे घालायचे. मला तिथंच तुम्हाला थांबवायचंय. तुमची मेहनत, तुमच्या कारखान्याबद्दलची माया, सगळं पत्रात दिसतं, आणि अशी माणसं कारखाना चालवतील तर मला मनापासून आनंद आहे. पण किंमत धंद्यानं फेडायची, तुमच्या वावरानं नाही. त्याला सरकारची योजना लागत नाही, शेठ आणि तुम्ही कागदावर नीट ठरवलं तर ते संभाजीनगरातही होतं.

पीएफचं ऐका. पीएफमधला पैसा कायद्यानं इतका सांभाळलेला आहे की तुमच्यावर कितीही कर्ज झालं तरी कोर्टाच्या हुकमानंसुद्धा तो जप्त होत नाही. तोच पैसा काढून तुम्ही पॉवर प्रेसमध्ये घातला की ते संरक्षण संपलं, कारखाना अडकला तर प्रेसबरोबर तोही गेला. आणि तुमची नोकरी तिथंच, बचत तिथंच, जमीनही त्यालाच बांधलेली, म्हणजे एका व्हेंडरनं ऑर्डर तोडली की पगार, म्हातारपण आणि वावर एकाच महिन्यात जायचं. वहिनी वावराला हात लावू नका म्हणतात ते मला अगदी बरोबर वाटतं. त्यांना समजवायचं कसं हे तुम्ही विचारलंत, तर त्यांचं म्हणणं मान्य करून पुढं जा, वावर बाजूला ठेवूनही हे जमू शकतं का ते बघू.

आता ३० लाखांचा आकडा. शेठ खोटं बोलतात असं अजिबात नाही, पण छोट्या कारखान्यात "सुटतात" म्हणजे मालकाच्या हातात राहतात ते, आणि त्यात मालकाचा स्वतःचा पगार धरलेला नसतो. शेठ सकाळी येतात, व्हेंडरच्या परचेसवाल्याशी बोलतात, रेट ठरवतात, बँकेत जातात, हे काम उद्या कुणीतरी करणार आणि त्याला महिन्याला ६० हजार धरले तरी वर्षाचे ७ लाख २० हजार झाले. शेड त्यांची स्वतःची आहे म्हणून भाडं जात नाही, तुम्हाला ते कोणत्यातरी रूपात द्यावंच लागेल, तेही महिन्याला ६० हजार धरा, अजून ७ लाख २० हजार. मशीनची मोठी दुरुस्ती, जुनी बदलणं यासाठी वर्षाला ४ लाख तरी बाजूला पाहिजेत. ३० मधून हे सगळं वजा केलं की उरतात साधारण साडेअकरा लाख. किंमत फेडायला खरा पैसा एवढाच आहे. ९५ लाख या पैशातून बिनव्याजी फेडायचे म्हटले तरी आठ वर्षांच्या वर लागतात, आणि प्लॉटचे १ कोटी ३० लाख यातून निघतच नाहीत.

म्हणून पहिली गोष्ट, प्लॉट आणि धंदा वेगळे करा. प्लॉट शेठकडेच राहू द्या, तुम्ही लांब मुदतीच्या करारानं भाडं द्या, त्यांना म्हातारपणी दरमहा उत्पन्न आणि तुमच्या डोक्यावरून अर्ध्याहून जास्त ओझं खाली. पण एमआयडीसीचा प्लॉट म्हणजे मालकीचा नसतो, तो ९५ वर्षांच्या लीजवर असतो, त्यामुळं पोटभाड्यानं द्यायचं असो की नावावर करायचं असो, एमआयडीसीची परवानगी आणि तिचे चार्जेस लागतात. कंपनीत शेअरहोल्डर बदलले, फर्ममध्ये पार्टनर बदलले तरी एमआयडीसी ते ट्रान्सफर धरू शकते. हा आकडा रिजनल ऑफिसातून आधी काढून आणा, बरेच सौदे ठरल्यावर इथं येऊन अडतात.

दुसरी गोष्ट, ९५ लाखांत नेमकं काय येतंय त्याची यादी मागा, एकेक मशीन, एकेक डाय. ऑटोच्या कामात कितीतरी डाय या गिऱ्हाईकाच्या पैशानं बनवलेल्या असतात आणि त्या गिऱ्हाईकाच्याच असतात, रॅकवर तुमच्या शॉपमध्ये असल्या तरी. तुम्ही रोज त्या प्रेसवर चढवता, तुम्हाला कोणत्या डायवर कुणाचा टॅग आहे हे शेठपेक्षा जास्त माहीत असेल. ज्या आपल्या नाहीत त्यांचे पैसे द्यायचे नाहीत. आणि "चालू ऑर्डरी" विकत मिळत नसतात, व्हेंडर कोड, म्हणजे माल पुरवणारा म्हणून गिऱ्हाईकाकडची नोंदणी, शेठच्या फर्मच्या नावावर आहे, मालक बदलला की गिऱ्हाईक पुन्हा ऑडिट करणार, कदाचित थांबवणारही. तुमचा किती टक्के माल एकाच व्हेंडरला जातो? तुमचे पार्ट इंजिनच्या बाजूचे की बॉडी-चेसिसचे? इलेक्ट्रिक गाडीला इंजिनच नाही, चेसिस मात्र लागतेच, त्यामुळं आठ वर्षांचे हप्ते बांधताना हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि तुमच्या पत्रात ती कुठंच नाही. ग्रॅच्युइटी. तुमचं बेसिक आणि डीए मिळून १८ हजार आणि नोकरी १७ वर्षं धरली तर १८ हजाराला १५ नं गुणा, २६ नं भागा आणि पुन्हा १७ नं गुणा, साधारण १ लाख ७६ हजार होतात. हे तुमचे शेठकडे आजच्या तारखेला जमा झालेले पैसे आहेत. २३ जणांची सरासरी १६ हजार पगार आणि १२ वर्षं धरली तर एकूण साडेपंचवीस लाखांच्या आसपास जातं. कारखाना घेतला की हे देणं कारखान्याबरोबर तुमच्याकडे येतं, म्हणजे शेठचं तुम्हालाच असलेलं देणं तुम्ही स्वतःच फेडणार, वर पूर्ण किंमतही देणार. तसं नको. २५ लाख किमतीतून वजा व्हायला पाहिजेत, आणि वजा झाले म्हणून ते खर्चायचे नाहीत, कारण उद्या कुणी रिटायर झाला की द्यायचेच आहेत, एलआयसीच्या ग्रुप ग्रॅच्युइटीत टाकत जायचे. शेठनी आधीच असा फंड भरलेला असेल तर उत्तमच, पावती बघा. तसंच पीएफची आणि जीएसटीची जुनी थकबाकी, धंदा घेणाऱ्यावरही त्याची जबाबदारी येते, म्हणून दोन्हीकडचे कागद सौद्याआधी.

आता कागदावर काय काढायचं, सहकारी संस्था की ईसॉप की आणखी काही. आधी शेठना विचारा की फर्म आज काय आहे. अशी बरीच युनिट प्रोप्रायटरशिपमध्ये, म्हणजे एकाच मालकाच्या नावावर असतात, आणि तिथं शेअरच नसतात, मग ईसॉप कशाचा करणार? ईसॉप कंपनीत होतो. त्यात नियम असा की शेअरचा हक्क दिल्यापासून तो पक्का होईपर्यंत किमान एक वर्ष जावं लागतं, आणि शेअर खऱ्या किमतीपेक्षा कमीत मिळाला तर फरक पगार धरून त्यावर टॅक्स. हा टॅक्स पुढं ढकलायची सवलत सरकारनं २०२० मध्ये दिली, पण ठरावीक मान्यता मिळालेल्या स्टार्टअपना, तुमच्या प्रेस शॉपला नाही. अर्थात बारा लाखांच्या आत उत्पन्न असलेल्याला नव्या करपद्धतीत तसाही टॅक्स बसत नाही, त्यामुळं तुमच्या लोकांनी याचं फार टेन्शन घेऊ नये.

एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, स्वस्त आहे, सोपी आहे आणि बरेच सीए तीच सुचवतील. पण एक अडचण आहे जी कामगारांच्या अंगानं विचार केल्याशिवाय दिसत नाही. पार्टनर हा कर्मचारी नसतो. २३ जण पार्टनर झाले की त्यांचा पीएफ बंद, ईएसआय बंद. ज्याच्या घरात ईएसआयच्या कार्डावर आईचं डायलिसिस किंवा बायकोची डिलिव्हरी होणार आहे त्याला मालकी देऊन तुम्ही ते कार्ड काढून घेणार. मला हे चालत नाही.

सहकारी संस्था, महाराष्ट्राच्या १९६० च्या कायद्यानं वेगवेगळ्या कुटुंबातले १० जण असले की होते, एक माणूस एक मत, पगार घेणारा सभासद कर्मचारीही राहू शकतो. मनाला हे सगळ्यात पटणारं. इंडियन कॉफी हाऊस बघा, १९५७ च्या सुमारास कॉफी बोर्डानं कॉफी हाऊस बंद करायला घेतली तेव्हा कामावरून जाणाऱ्या वेटर-स्वयंपाक्यांनी सहकारी संस्था काढल्या आणि त्या आजही चालतात. आणि मुंबईत कुर्ल्याची कामानी ट्यूब्ज, १९८८ मध्ये सुप्रीम कोर्टानं कामगारांच्या सहकारी संस्थेकडे द्यायला मान्यता दिली, सुरुवातीची वर्षं चांगली गेली, पुढं कारखाना पुन्हा अडचणीत आला. पहिल्या उदाहरणात रोज रोख गल्ला होता, दुसऱ्यात कच्चा माल घ्यायला आधी मोठा पैसा लागायचा. तुमचं काम दुसऱ्या जातीचं आहे, पत्र्याचे पैसे आज आणि बिलाचे पैसे दोन-तीन महिन्यांनी. सहकारी संस्थेत लाभांशावर १५ टक्क्यांची मर्यादा, उपनिबंधक कार्यालय, निवडणूक, हे सगळं सांभाळून खेळतं भांडवल उभं करणं २३ जणांना जड जाईल असं माझं मत आहे. शिवाय आपल्याकडे सहकार म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर पॅनल आणि चेअरमनकी येते, आणि शॉप फ्लोअरवर दोन पॅनल पडले तर पार्ट कोण काढणार.

मी तुमच्या जागी असते तर प्रायव्हेट लिमिटेड आणि सावकाश, टप्प्यानं, असं केलं असतं. याला एक कराचं कारणही आहे आणि ते शेठना नक्की पटेल. शेठनी सगळा धंदा एकदम विकला तर पैसे हप्त्यानं मिळाले तरी विक्रीच्या नफ्यावरचा टॅक्स त्यांना विकलं त्याच वर्षी भरावा लागतो, म्हणून विकणारे रोख मागतात. त्याऐवजी प्रोप्रायटरशिपची कंपनी केली आणि त्यात शेठचा किमान ५० टक्के मताधिकार पाच वर्षं राहिला, तर त्या बदलावर भांडवली नफ्याचा टॅक्स लागत नाही (धंद्याची सगळी मालमत्ता आणि देणी कंपनीत जावी लागतात, त्यामुळं प्लॉट बाहेर ठेवायचा असेल तर सीएला हा पहिला प्रश्न विचारा). मग दरवर्षी थोडे थोडे शेअर कामगारांकडे, तेवढ्यापुरताच टॅक्स त्या त्या वर्षी. पाच वर्षांत ४९ टक्क्यांपर्यंत तुमच्याकडे, सहाव्या वर्षापासून बाकीचे. या पाच वर्षांत शेठ परचेसवाल्यांशी तुमची ओळख करून देतात, तुम्ही बॅलन्सशीट वाचायला शिकता, आणि व्हेंडर कोडलाही एकदम धक्का नाही.

पैसे असे, वर्षाच्या शेवटी खर्च, ग्रॅच्युइटी, मशीनचा राखीव पैसा बाजूला काढून जो नफा उरेल त्याचा ठरलेला भाग कामगारांना प्रॉफिट शेअर म्हणून, आणि त्यातून शेअरची खरेदी. नफा नाही झाला त्या वर्षी हप्ता नाही, मुदत एक वर्षानं पुढं. ही अट लिहून घ्या, तिच्याशिवाय सही नको. आणि पहिलं एक वर्ष तर शेअरचं नावच काढू नका, नुसतं प्रॉफिट शेअर करा आणि दर महिन्याला सगळ्यांसमोर आकडे ठेवा, लाईट बिल किती, स्क्रॅप किती विकलं, रिजेक्शन किती, येणं किती आणि त्यातलं ४५ दिवसांच्या वर किती. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म, लघु उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे हा कायदा आहे, शेठ गिऱ्हाईक दुखावेल म्हणून बोलत नसतील, पण तुम्हाला मालक म्हणून हे माहीत पाहिजे. कंपनी झाली की उद्यम नोंदणी नव्या नावानं करायची हेही विसरू नका.

सरकारचं काहीच मिळणार नाही असं नाही हो, फक्त ते किंमत फेडायला नाही, धंदा चालवायला मिळतं. खेळत्या भांडवलाला किंवा नव्या मशीनला बँकेचं कर्ज लागलं तर सीजीटीएमएसई या सरकारी ट्रस्टची हमी आहे, सूक्ष्म आणि लघु उद्योगांना तारण न घेता कर्ज, एप्रिल २०२५ पासून मर्यादा १० कोटी. बँक मॅनेजर "वावर आहे का, घर आहे का" विचारेल, तेव्हा सीजीटीएमएसईमध्ये बसवा असं नाव घेऊन सांगा. ती हमी बँकेला असते, तुमचं कर्ज माफ होत नाही, आणि डायरेक्टरची वैयक्तिक सही बँक घेतेच. म्हणून जे दोघं-तिघं सही करतील त्यांची जोखीम बाकीच्यांपेक्षा जास्त आहे हे मीटिंगमध्ये उघड बोला आणि त्यांना त्याचा काहीतरी मोबदला ठरवा.

महामंडळांच्या योजनांचंही कुणीतरी सांगेल. अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळाची गटाला ५० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याज परतावा द्यायची योजना आहे, इतर समाजांच्या महामंडळांच्याही आहेत. चालू युनिटमधला हिस्सा घेणं त्यात बसतं का हे जिल्ह्याच्या समन्वयकाकडून लेखी घ्या, कर्ज काढायच्या आधी. पण दादा, यात माझी एक काळजी आहे. या योजना समाजानुसार आहेत, आणि तुमच्या शॉपमध्ये मराठा असतील, बौद्ध असतील, मुस्लिम, वंजारी, धनगर, बिहारचे हेल्पर असतील. योजनेत बसावं म्हणून गट पाडायला गेलात तर पंधरा वर्षं एका डब्यात जेवणारी माणसं दोन बाजूला बसतील. व्याजाचे दोन-चार लाख वाचतील आणि ज्याच्यावर हा सगळा डाव आहे तो एकोपा जाईल. ज्याला वैयक्तिक काही मिळतं त्यानं ते जरूर घ्यावं, कंपनीची रचना मात्र त्यावर बेतू नका.

आणि २३ जणांना खरंच मालक व्हायचंय का? केबिनमध्ये शेठसमोर किंवा चहाच्या टपरीवर सगळ्यांमध्ये "हो" म्हणणं वेगळं. एकेकाला एकटं विचारा. कुणाची मुलीच्या लग्नाची तयारी चालू असेल, कुणाला दोन वर्षांत गावाकडं जायचं असेल, कुणाला नुसता वेळेवर पगार पाहिजे असेल, आणि त्यात काही कमी नाही. ज्यांना नको त्यांची नोकरी, पगार, सीनियॉरिटी तशीच राहील हे आधी जाहीर करा, म्हणजे कुणी भीतीपोटी हो म्हणणार नाही. कॉन्ट्रॅक्टवर असलेल्यांचं काय तेही ठरवा, नाहीतर पाच वर्षांनी तुम्ही शेठ आणि ते कामगार, आणि तोच प्रश्न पुन्हा. सोडून जाणाऱ्याचे शेअर कोण घेणार, कोणत्या भावानं, किती महिन्यांत पैसे, हे कंपनीच्या नियमावलीत घालून घ्या, आणि शेअर फक्त तिथं काम करणाऱ्याकडेच राहतील हेही, कारण एका माणसानं बाहेरच्याला विकले की शेठना ज्याची भीती होती तीच पार्टी मागच्या दारानं आत.

सरकारनं यात उतरावं असं मला फार मनापासून वाटतं. मराठवाड्यात असे किती शेड आहेत जिथं मालक साठीच्या पुढं गेलेत आणि मुलं पुण्याला, बाहेरदेशी आहेत, ते बंद झाले की पुन्हा उभे राहत नाहीत, जागा गोडाऊनला जाते. कामगारांना विकलं तर एमआयडीसीनं ट्रान्सफर चार्ज माफ करावा, विकणाऱ्याला करात सवलत द्यावी, आणि जिल्हा उद्योग केंद्रानं एक सीए, एक व्हॅल्युअर मोफत द्यावा, यात तिजोरीवर काही मोठा बोजा नाही. मसिआ, सीएमआयए या इथल्या उद्योजकांच्या संघटना आहेत, शेठ कशाचे तरी मेंबर असतीलच, त्यांच्याकडून हा विषय तिथं मांडायला लावा. मालकानंच मांडला तर जास्त ऐकलं जाईल.

शेवटी शेठच्या तब्येतीचं, जे बोलायला सगळ्यांना अवघड जातं. त्यांचा शब्द पक्का असेल, पण पाच-सहा वर्षांच्या मधे काही झालं तर शेअर वारसांकडे जातात आणि त्या दोघांनी केबिनमधलं बोलणं ऐकलेलं नाही. म्हणून करारावर मुलगा आणि मुलगी दोघांची संमती, आणि शेठच्या मृत्युपत्रातही तेच, की उरलेले शेअर आधी कामगारांना ठरलेल्या सूत्रानं द्यायचे. शेठना हे सांगताना वाईट वाटून घेऊ नका, ज्या माणसानं तुम्हाला बोलावून असं विचारलं तो हेही समजून घेईल. त्या बैठकीला वहिनींना बरोबर न्या, बाकीच्यांच्या घरच्यांनाही बोलवा. वावर आणि पीएफ यात नाही हे त्यांनी शेठच्या तोंडून ऐकू द्या.

आधी कागद गोळा करा: तीन वर्षांचे बॅलन्सशीट, मशीनची यादी, कोणत्या डाय कुणाच्या, प्लॉटच्या लीजची प्रत, आणि प्रत्येकाची कामाला लागल्याची तारीख आणि बेसिक. नावं झाकून फोटो पाठवलेत तरी चालेल, हप्ता आणि मुदत किती बसते ते मग खऱ्या आकड्यांवर बघू.